लोकलचा अपघात डोळ्यांसमोरून जात नाही, तेव्हा ईएमडीआर नेमकं काय करतं

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात सांगते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मिस्टरांच्या रोजच्या ग्रुपमधला एक मित्र दिवा आणि मुंब्र्याच्या मधे चालत्या फास्ट लोकलमधून पडला आणि गेला. मिस्टर दारात त्याच्या शेजारीच उभे होते, त्याच्या बॅगेचा पट्टा त्यांच्या हातात आला आणि सुटला. तेव्हापासून ते ट्रेनमध्ये चढलेले नाहीत, पहाटे साडेपाचला निघून बस बदलत बदलत ऑफिस गाठतात, रात्री दचकून उठतात, कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं टाकून उभे राहतात. डॉक्टरांनी ईएमडीआर नावाचा मानसोपचार सुचवलाय. ताई विचारतायत, बोट हलवून त्याच्याकडे बघायला लावतात म्हणे, हे खरं आहे का, का संमोहन-बिंमोहन आहे, आणि यूट्यूबवर तो इकडून तिकडे जाणारा ठिपका असतो तो घरी बघितला तर नाही का चालणार.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते तातडीचं आहे. नाही, घरी व्हिडिओ लावून हे करू नका. कारण पुढे येईलच.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दादरला बसते, ईएमडीआर बरीच वर्षं करतेय. माझ्या खोलीची खिडकी बंद केली तरी लोकलचा हॉर्न आत येतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं त्या हॉर्नशीच बांधलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मिस्टरांसारखी माणसं मी खूप बघितलीयत. खाली जी उदाहरणं देतेय त्यातले ओळखीचे तपशील बदललेत.

आधी हे समजून घ्या की त्यांना नक्की काय होतंय. आपल्याला रोज हजार गोष्टी आठवतात, मागच्या दिवाळीला काय केलं, शाळेत कोण मारायचं, पण ते आठवताना आपल्याला आत कुठेतरी माहीत असतं की हे झालेलं आहे, संपलेलं आहे. भयंकर धक्क्याच्या क्षणी मेंदू इतका घाबरलेला असतो की ती आठवण नीट लागत नाही, तिच्यावर तारखेचा शिक्का बसत नाही म्हणा ना. मग ती तुकड्यातुकड्यात राहते, पट्ट्याचा हाताला झालेला स्पर्श, वाऱ्याचा आवाज, कोणाची तरी किंकाळी, आणि एखादा तुकडा बाहेरच्या कशानेतरी हलला की सगळं शरीर परत त्या दारात जाऊन उभं राहतं. कुकरची शिट्टी म्हणजे त्यांच्यासाठी शिट्टी नाहीये. ते नाटक करत नाहीयेत, मनाने कमकुवतही नाहीत. घरात कोणी 'आता चार महिने झाले, विसर की' म्हणत असेल तर त्यांना प्लीज थांबवा, कारण विसरायचा प्रयत्न ते बिचारे चोवीस तास करतच आहेत.

पहिल्या महिन्यात असं होणं जवळजवळ नॉर्मल आहे, बऱ्याच लोकांचं ते हळूहळू आपोआप निवळतं, म्हणून पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या या आजाराचं, निदान करायला लक्षणं महिन्याच्या वर टिकलेली असावी लागतात. चार महिने होऊन बसच्या बस बदलत जातायत म्हणजे आपोआप निवळण्याची वाट बघायची वेळ गेली असं मी म्हणेन. डॉक्टरांनी बरोबर सुचवलंय.

आता पद्धतीबद्दल. पूर्ण नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. फ्रान्सीन शपिरो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत चालताना लक्षात आलं की डोळे भराभर इकडून तिकडे फिरले की मनातल्या त्रासदायक विचाराची धार कमी होते. ती आपली एक निरीक्षण केलेली गोष्ट, पण त्यांनी ती नीट तपासायला घेतली, १९८९ मध्ये २२ लोकांवरचा पहिला अभ्यास छापला, आणि मग त्याची पूर्ण पद्धत बांधली, आठ टप्प्यांची. त्या आठातल्या मोजक्याच टप्प्यांत डोळे हलवायचे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्लिपमध्ये फक्त ते बोट दिसतं, म्हणून लोकांना जादूटोणा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी ईएमडीआर सुचवलंय, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या सूचनांमध्येही आहे, त्यात साधारण ८ ते १२ सेशन्स धरलेत. म्हणजे हे कोणाच्या तरी डोक्यातून आलेलं खूळ नाही.

संमोहन तर अजिबात नाही. माणूस पूर्ण जागा असतो, डोळे उघडे असतात, कुठे बसलोय हे माहीत असतं, आणि पहिल्याच दिवशी ठरवून ठेवतो की हात वर केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही.

आमच्याकडे पहिल्या भेटीत बोट वगैरे काही येत नाही. पहिल्या दोनतीन भेटी नुसतं बोलणं. झोप किती, दारू किती, आधी कधी असं काही झालं होतं का, फिट्स येतात का, डोळ्यांचा काही आजार आहे का, मधेच आपण आपल्यातच नाही असं होतं का, जीव द्यावा असं मनात येतं का. मग शांत होण्याची तयारी. त्यात एक सुरक्षित जागा शोधायची असते, मनातली, जिथे गेलं की शरीर सैल पडतं. मुंबईतल्या माणसाला ही जागा शोधायला वेळ लागतो हे मी दरवेळी बघते, कारण दहा बाय दहामध्ये सहा जण राहिलेल्या माणसाला एकटं आणि निवांत असं कधी वाटलेलंच नसतं, मग कोणी आजोळच्या ओटीवर जातो, कोणी देवळातल्या गार फरशीवर, एका काकांनी डबलडेकरची वरची पहिली सीट निवडली होती, लहानपणची, वडिलांच्या मांडीवरची. कोणतीही चालते, पण ती शरीराला पटायला हवी. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि लोक म्हणतात मॅडम ते बोटाचं कधी सुरू करणार. मी घाई करत नाही. आठवण उघडल्यावर माणसाला परत काठावर यायचा रस्ता माहीत असलाच पाहिजे. घरी व्हिडिओ बघून करायचं नाही ते याच्यासाठी, ठिपका आठवण उघडून देऊ शकतो, पण ती उघडी पडल्यावर माणूस गोठला किंवा रडू थांबेनासं झालं तर तो ठिपका आपला फिरतच राहतो.

इथे माझी एक चूक सांगते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात की क्लायंटला सांगा, समजा तुम्ही ट्रेनमध्ये बसलायत आणि जे काही आठवतंय ते खिडकीबाहेरच्या दृश्यासारखं मागे जातंय, फक्त बघा. सुंदर उपमा आहे, जगभर वापरतात. मी नवीन असताना हे वाक्य पाठ म्हणावं तसं एका बाईंसमोर म्हटलं, त्यांचा भाऊ रेल्वेच्या अपघातात गेला होता, आणि फाइल माझ्यासमोर उघडी होती. त्यांचे हात बर्फासारखे गार पडले, आणि तो पूर्ण तास त्यांना परत खोलीत आणण्यात गेला. त्यानंतर दोन भेटी लागल्या परत विश्वास बसायला. तेव्हापासून मी ती उपमा मुंबईत वापरत नाही, कोणालाच नाही. समोर टीव्ही चालू आहे आणि रिमोट तुमच्या हातात आहे असं सांगते.

मग मुख्य काम. तुमच्या मिस्टरांना विचारतील की त्या दिवसातलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं. पूर्ण गोष्ट सांगावी लागत नाही हं, आणि हे बऱ्याच पुरुषांना फार सोयीचं पडतं कारण त्यांना बोलायचंच नसतं. एकच चित्र. त्या चित्राकडे बघताना स्वतःबद्दल कोणतं वाक्य मनात येतं ते विचारतात, आणि अंदाजाने सांगते, त्यांचं वाक्य 'मी पट्टा सोडला' किंवा 'माझ्यामुळे गेला' असं काहीतरी निघेल. त्याऐवजी काय खरं वाटायला आवडेल, तेही विचारतात, आणि ते आत्ता १ ते ७ मध्ये किती खरं वाटतंय. त्रास ० ते १० मध्ये किती. शरीरात कुठे जाणवतंय, छातीत, घशात, पोटात गोळा. हे सगळं धरून ठेवायचं आणि डोळ्यांनी बोटाचा पाठलाग करायचा, वीस-पंचवीस फेऱ्या, अर्धा मिनिट वगैरे. मग थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि एवढंच विचारतात, आता काय येतंय? जे येईल ते. कधी काही येत नाही. कधी भलतंच, दहावीचा निकाल, आईचा आवाज. त्याच्यावर चर्चा करत नाही आम्ही, 'त्याच्यासोबत रहा' म्हणतो आणि पुढचा सेट. बोट नको असेल, डोळ्यांचं काही असेल, तर गुडघ्यावर किंवा तळहातावर आलटून पालटून टॅप करतात, तेही चालतं.

एका मोटरमननी मला यातलं जे शिकवलं ते पुस्तकात इतक्या स्पष्टपणे कधी वाचलं नव्हतं. त्यांच्या गाडीखाली एक तरुण मुलगा आला होता, रूळ ओलांडताना. वेगात असलेली बारा डब्यांची गाडी ब्रेक मारल्या मारल्या उभी राहत नाही, शेकडो मीटर पुढे जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण त्यांचं चित्र काय होतं, तर त्या मुलाने शेवटच्या क्षणी त्यांच्याकडे बघितलं. वाक्य होतं 'मी मारलं त्याला'. त्रास ९. पहिल्या काही सेटमध्ये फक्त ते डोळे, डोळे, डोळे. मग म्हणाले छत्री दिसली, काळी. मग म्हणाले पाऊस होता. मग एका सेटनंतर गप्प झाले, आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, 'मॅडम, माझा हात ब्रेकवर होता. मी आधीच लावला होता.' दीड वर्षं ही गोष्ट त्यांना आठवलीच नव्हती. रिपोर्टमध्ये लिहिलेली होती, साहेबांनी सांगितली होती, बायकोने शंभरदा सांगितली होती, पण कानाने ऐकलेलं आणि हाताला आठवलेलं यात फार फरक असतो. मी एक शब्द समजावला नव्हता त्यांना.

त्यांचा त्रास शेवटी २ वर आला आणि तिथेच थांबला. ट्रेनिंगमध्ये शून्यापर्यंत न्या सांगतात, पण एक मुलगा गेलाय, त्याचं दोन इतकं दुःख माणसाजवळ राहिलं तर ते बरोबरच आहे, मी ते खेचून काढायला गेले नाही. तुमच्या मिस्टरांनाही हे सांगा, कारण बऱ्याच जणांना मनातून हीच भीती असते की मी बरा झालो म्हणजे मित्राला विसरलो. मित्र पुसला जात नाही यात. आठवण राहते, दुःख राहतं, फक्त ते आज घडत असल्यासारखं अंगावर येणं थांबतं.

हे नेमकं कसं होतं यावर अजून वाद आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्या मते सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण वर्किंग मेमरीचं आहे, त्यावर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात बरंच काम झालंय. आपल्या मनाचा जो चालू क्षणाचा ओटा असतो त्यावर जागा कमी असते. त्यावर एकाच वेळी ते भयंकर चित्र आणि बोटाचा पाठलाग अशी दोन कामं मांडली की चित्राला पुरेशी जागा मिळत नाही, ते फिकं पडतं, लांब जातं, आणि परत साठवलं जाताना तसंच फिकं साठवलं जातं. म्हणूनच डोळ्यांऐवजी उलटे आकडे मोजण्यासारखं दुसरं अवघड काम दिलं तरी थोडाफार तसाच परिणाम दिसतो, म्हणजे डोळ्यांच्या बुबुळात काही चमत्कार नाही. दुसरं म्हणणं असं की झोपेत स्वप्नांच्या वेळी डोळे जसे फिरतात तसं काहीतरी मेंदूत चालू होतं. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी उंदरांना आलटून पालटून दोन्ही बाजूंना प्रकाश दाखवला तर त्यांची भीती जास्त टिकाऊपणे कमी झाली असं दाखवलं, आणि मेंदूतला मार्गही दाखवला, पण उंदीर आणि माणूस यात अंतर आहेच.

टीकाकारही आहेत. त्यांचं म्हणणं, यात काम करतं ते सुरक्षितपणे आठवणीला सामोरं जाणं, डोळे नुसती सजावट. २००१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा डोळ्यांच्या हालचालीने जास्तीचा फायदा दिसला नव्हता, २०१३ च्या तशाच आढाव्यात दिसला. उपचाराचा उपयोग होतो यावर एकमत बरंच आहे, डोळ्यांचा वाटा किती यावर नाही. आणि ट्रॉमासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी, हा तितकाच चांगला दुसरा रस्ता आहे, जवळ चांगला सीबीटीवाला असेल आणि मिस्टरांना बोलायला बरं वाटत असेल तर तिकडे जा, ईएमडीआरच पाहिजे असा हट्ट नको. फरक मुख्यतः हा की ईएमडीआरमध्ये घडलेलं सविस्तर सांगावं लागत नाही आणि रोजचा गृहपाठ नसतो.

किती सेशन्स लागतील? एकच घटना, आधीचं आयुष्य बऱ्यापैकी स्थिर, असं असेल तर तयारी धरून आठ-दहामध्ये चांगला फरक पडलेला मी बघते, कधी त्याच्या आधीच. पण लहानपणापासूनची मारहाण, अत्याचार, असं थरावर थर असेल तर महिने लागतात, आणि तिथे 'तीन सेशनमध्ये ट्रॉमा गायब' असं कोणी सांगत असेल तर सरळ उठून या. घरात अजूनही मार खाणाऱ्या बाईची आधी सुरक्षितता बघायची, आठवणींवर काम नंतर. दारू रोजची असेल तरी आधी तिकडे लक्ष.

गोळ्या चालू असतील तर ईएमडीआर सुरू केलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, झोपेच्या गोळ्या तर अचानक अजिबात नाही. थेरपिस्टला मात्र सांगा काय चालू आहे.

एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. मित्राच्या घरच्यांनी रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये भरपाईसाठी केस टाकली असेल, गाडीतून पडल्यावर रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ खाली टाकता येते, तर तुमचे मिस्टर साक्षीदार असू शकतात. या उपचारात चित्र फिकं होतं, क्रम बदलल्यासारखा वाटू शकतो, म्हणून जबाब द्यायचा असेल तर आधी वकिलांशी बोला आणि थेरपिस्टलाही सांगा. शक्य असेल तर जबाब आधी देऊन टाकावा, नाहीतर निदान आत्ता जे आठवतंय ते लिहून तरी ठेवावं.

सेशन तासाचा, दीड तासाचा असतो आणि त्यानंतर माणूस गळून जातो. त्या दिवशी हाफ डे घ्यायला सांगा. दोनतीन दिवस स्वप्नं वाढू शकतात, जुनं काहीबाही वर येतं, चिडचिड होते, हे बिघडलं असं नाही, काम आतमध्ये चालू असतं. एका वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या की पुढच्या वेळी उपयोग होतो. तुम्ही 'काय काय आठवलं आज' असं विचारू नका, चहा द्या, शेजारी बसा. फारच घाबरं झालं तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून, फुलपाखराच्या पंखांसारखे, हळूहळू आलटून पालटून खांद्याजवळ थोपटायचं. मेक्सिकोत १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर आकापुल्कोतल्या वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना हे निघालं. थेरपिस्टने एकदा शिकवलं की हे घरी करायला हरकत नाही, पण हळू, आणि वाईट चित्र मुद्दाम आठवत बसून नाही, शांत व्हायला म्हणून.

आणि ट्रेन. 'चल एकदा बसून बघ, भीती जाईल' असं म्हणून त्यांना गर्दीच्या वेळी गाडीत ढकलू नका. ईएमडीआरमध्येच भूतकाळ झाला की आत्ताच्या ट्रिगरवर काम होतं, हॉर्न, शिट्टी, दाराचा खांब, आणि मग पुढचं, म्हणजे स्वतःला परत प्लॅटफॉर्मवर बघायचं, इंडिकेटर वाचताना, गाडी येताना, चढताना, आणि जिथे छाती भरून येते तिथे थांबून परत सेट. ते झालं की मी साधारण असं सांगते की रविवारी दुपारी जा, आधी नुसतं बाकावर बसून चार गाड्या जाऊ द्या. पुढच्या वेळी स्लो गाडीने डोंबिवली ते ठाकुर्ली, एकच स्टेशन, दारापासून लांब आत बसून, कल्याणच्या बाजूला, मुंब्र्याच्या नाही. ती बाजू सगळ्यात शेवटी, आणि तीही एकट्याने नाही.

थेरपिस्ट शोधताना फोनवरच विचारा की तुमचं मूळ शिक्षण काय, ईएमडीआरचं ट्रेनिंग पूर्ण झालंय का, अजून सुपरव्हिजन घेता का, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घेता का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी विचारायला लाजू नका, चांगला माणूस रागावत नाही. पैशाची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांच्या सायकियाट्री ओपीडीत जा, तिथे ईएमडीआर करणारं कोणी आहे का विचारा, नसलं तरी तपासणी आणि औषधं तर मिळतील. रात्री अपरात्री फार बिघडलं, जीव द्यायचं बोलायला लागले, तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

माझ्याकडे दादरला यायचं म्हणत असाल तर नका येऊ, खरंच सांगते. डोंबिवली, कल्याण, फारतर ठाण्यापर्यंत रिक्षाने किंवा बसने जाता येईल असंच कोणीतरी बघा, म्हणजे बरं व्हायला जाण्यासाठी त्यांना आधी गाडीत चढावं लागणार नाही.